नऊ वर्षांची, कमी चाललेली गाडी: मेंटेनन्सच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५

गाडी काकांची. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम ब्रेक, नऊ वर्षं झाली आणि मीटरवर जेमतेम २८,००० किमी. गेली दोन वर्षं तर जवळजवळ उभीच. काकांचं म्हणणं एकच, "चाललीच कुठे रे, बिघडायला काय झालंय?" पण सर्व्हिस बुक उघडलं तर प्रत्येक कामापुढे दोन आकडे, किमी आणि महिने, आणि खाली लिहिलंय जे आधी होईल ते. किमीच्या हिशोबाने अर्धी कामं यायचीत, महिन्यांच्या हिशोबाने जवळजवळ सगळीच उलटून गेलीत. म्हणून यादी महिन्यांवरून केली.

आज फक्त तपासणी. बॅटरी मल्टीमीटरवर ११.९ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली १२.६ च्या वर दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामीच समजायची. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी होती ती खायचा सोडा आणि पाण्याने धुतली. आधी काळी वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बारीक करंटवर रात्रभर चार्जिंगला लावली.

मग ढकलून पुढे घेऊ म्हटलं तर मागची दोन्ही चाकं जाम. हँडब्रेक लावूनच ठेवली होती इतके महिने, आणि सोडला तरी सुटेना. लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमला गंजाने चिकटलेले. चाकं काढून ड्रमच्या कडेवर चारी बाजूंनी हातोडीने हलके ठोके दिले तेव्हा टक् करून सुटले. जोर लावायचा नाही, ड्रम बिडाचा असतो, तडकतो. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको.

टायरची नक्षी अजून भरपूर, ६ मिमीच्या आसपास, त्यामुळे काका म्हणाले नवेच आहेत. बाजूच्या कोडवर शेवटचे चार आकडे बघितले तर १४१६, म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. पाचही त्याच महिन्यातले, स्टेपनीसुद्धा. बाजूच्या रबरावर बारीक भेगा. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर बदलायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण रबर वयानेही कडक होतं आणि मग ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. चार नवे टाकायचे ठरवलं, या अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच. स्टेपनी राहू दे सध्या, हळू चालवत दुकानापर्यंत जायला पुरेल.

५ ऑक्टोबर

बॅटरी चार्ज होऊन १२.५ दाखवत होती, सेल्फ मारल्यावर थेट ८ च्या घरात. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपली असं धरतात. नवी आणली, लावली, गाडी चालू झाली. थोडा पांढरा धूर, जुन्या पेट्रोलचा वास, मग नीट.

इंजिन कोमट झाल्यावर ऑइल काढायला घेतलं. ऑइलचं झाकण उघडलं तर आत मलईसारखा पिवळट थर. हे बघून लोक घाबरतात की हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेलं आणि ऑइलमध्ये कूलंट मिसळलं, पण कूलंटची पातळी जागच्या जागी आहे, डिपस्टिकवर तसं काही नाही, म्हणजे हे साचलेल्या बाष्पाचं आहे. दहा मिनिटं चालू करून बंद, दहा मिनिटं चालू करून बंद असं वर्षानुवर्षं केलं की इंजिन पूर्ण तापत नाही, आतलं पाणी आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येतच होता, आणि पातळ पण झालेलं.

गाडी जॅकवर नाही, जॅकने उचलून स्टँडवर. जॅक नुसता उचलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरू नका, हे एकदाच लिहितो आणि पुढच्या सगळ्या नोंदींना लागू.

चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट आधीच्या कोणीतरी लांब पाइप लावून आवळलेला. रिंग पाना लावला तर कोपरे गुळगुळीत व्हायला लागले, लगेच थांबलो. बारा खाचांचा पाना कोपऱ्यांवरच धरतो. सहा बाजूंचा सॉकेट आणि लांब दांडा लावला, सरळ रेषेत धरून एकच झटका, सुटला. आटे शाबूत होते हे नशीब, कारण चेंबर अॅल्युमिनियमचा आहे आणि त्यात स्टीलचा बोल्ट जास्त आवळला की आधी चेंबरचेच आटे जातात. नवा बोल्ट आणि नवा वायसर. हा वायसर दबून सील करतो, त्यामुळे दर वेळी नवा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) लावला आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला थांबलो, हाताला "अजून थोडं" असं वाटत होतं तरी.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली. हे न बघता नवा लावला तर रिंगवर रिंग बसते आणि चालू केल्यावर काही मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर. नखाने खरवडून काढली, जागा पुसली, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावलं, रिंग टेकल्यावर हातानेच आणखी पाऊण फेरा. फिल्टर पान्याने आवळू नका, पुढच्या वेळी काढताना जीव जातो.

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा थोडं कमी भरून चालू केली, बंद करून पाच मिनिटं थांबलो, मग डिपस्टिक बघत वर आणलं. ग्रेड ५डब्ल्यू-३०, मॅन्युअलमध्ये आहे तीच. या वेळचं ऑइल पूर्ण दहा हजार किमीपर्यंत ठेवणार नाही, आतली घाण धुऊन निघेल म्हणून लवकर बदलायचं ठरवलंय. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय, गोळा करणाऱ्यांकडे द्यायचं, गटारात नाही.

११ ऑक्टोबर

पुढचे ब्रेक. उजव्या चाकाचे पॅड व्यवस्थित, दोन्ही ७ मिमी. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड ७ आणि आतला २. गाडी २८,००० चालली आणि एक पॅड संपला. कारण उघड आहे. असल्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) पिस्टन एकाच बाजूला असतो, आतला पॅड पिस्टन दाबतो आणि बाहेरचा पॅड दाबायला अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकावा लागतो. पिन जाम झाल्या की सगळं काम आतल्या पॅडवर. बाहेरून चाकाच्या फटीतून बघणाऱ्याला बाहेरचाच पॅड दिसतो आणि तो छानच दिसतो, म्हणून "पॅड चांगले आहेत" हे चाक काढल्याशिवाय मानू नका.

वरची पिन गंजलेली होती, गंज सोडवणारा स्प्रे मारून पान्याने थोडी डावी थोडी उजवी अशी फिरवत बाहेर काढली. खालची वेगळीच केस. तिच्यावर गंज नव्हता, उलट भरपूर ग्रीस होतं, पण तिच्या टोकाची रबरी बाही फुगून भोकात घट्ट बसलेली. कधीतरी कोणीतरी बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंय. पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही, रबर ते शोषून फुगतं. म्हणजे इथे कामच केलं नसतं तरी जवळपास हीच अवस्था झाली असती, पण चुकीचं ग्रीस लावून तीच अवस्था मेहनत करून आणली गेली. पिना, बाह्या आणि बूट असा कॅलिपरचा किट मिळतो, पॅडच्या मानाने अगदीच स्वस्त. भोकं ब्रेक क्लीनर आणि पातळ ब्रशने स्वच्छ केली, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस पातळ लावलं. जास्त भरलं तर आतली हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते.

नवे जाड पॅड मावायला पिस्टन आत दाबताना निपल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ बोल्ट) थोडा सैल करून त्यातून नळीने जुनं ब्रेक ऑइल बाटलीत जाऊ दिलं. न करता दाबला तर तळाशी बसलेला गाळ उलटा वर एबीएसच्या (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे जातो, आणि टाकीही वरून उतू जाते. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली.

डिस्कची जाडी मोजली, डिस्कच्या कडेवर किमान जाडी छापलेली असते त्यापेक्षा बरीच वर आहे, नुसता वरवरचा गंज. डिस्क ठेवल्या. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे बदलले, उजवे चांगले असले तरी. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने असले की ब्रेक लागताना गाडी ओढते.

ब्रेकला हात लावल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल मारत राहायचं, घट्ट होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं.

१२ ऑक्टोबर

ब्रेक ऑइल. टाकीतलं चहाच्या रंगाचं झालेलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, गाडी चालो वा उभी राहो, म्हणून दर दोन वर्षांनी बदला असं बहुतेक मॅन्युअलमध्ये असतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा, ते नवं असताना किमान २३० अंशाला उकळायला हवं असं मानक आहे, पाणी शोषल्यावरचा आकडा १५५ वर येतो. लांब घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना कॅलिपर तापतो, ऑइल उकळून वाफ झाली तर पेडल दाबून काही होत नाही. इथे डॉट ४ च टाकलं. डॉट ५ हे नाव पुढचं वाटतं म्हणून घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते सिलिकॉनचं नसतं.

काका ड्रायव्हर सीटवर. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, म्हणजे पेडल थेट तळाला जाणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) ज्या भागापर्यंत सील कधी पोचलेलं नसतं तिथे गंज असू शकतो आणि एका दाबात सील फाटतं.

"काका, दाबा आणि धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

"धरलंय. अरे खाली गेलं की!"

"जाऊ दे खाली. धरून ठेवा... आता सोडा."

निपल बंद झाल्यावरच सोडायचं, नाहीतर नळीतून हवा परत आत. क्रम मॅन्युअलमधला, प्रत्येक गाडीचा वेगळा असू शकतो.

तीन चाकं झाली आणि डाव्या मागच्या चाकाने दिवस खाल्ला. निपल हलेना. स्प्रे मारून तासभर ठेवला, मग आधी किंचित आवळायचा प्रयत्न केला की गंज फुटेल, मग सोडवायचा, सहा बाजूंच्या सॉकेटनेच. निपल पोकळ असतो, पिळला की मानेत तुटतो. वळतोय असं वाटलं ते खरं तर पिळतोय असं जाणवलं आणि थांबलो. तापवायचा सल्ला मिळाला होता पण आत रबरी सील आणि ऑइल, मला पटलं नाही.

ड्रम काढला. ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही सारखे सारखे आवळत गेलं की ड्रम बाहेर येतो. आत व्हील सिलिंडरचा (लायनर ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचलला तर खाली ओल. म्हणजे सिलिंडर गळायला लागलाच होता, निपलशी भांडत बसण्यात काही अर्थच नव्हता. पूर्ण सिलिंडर बदलायचा. पण त्याला येणाऱ्या ब्रेक पाइपचा नटही गंजलेला, त्यासाठी साधा पाना नको, पाइपवरून सरकवून घालायचा खाच असलेला पाना येतो तो हवा. दुकानं बंद झालेली. गाडी स्टँडवरच, पुढचा आठवडा गेला.

१८ ऑक्टोबर

पाना आला, पाइपचा नट सुटला, नवा सिलिंडर बसला. एका सिलिंडरला ओल होती म्हणून दुसऱ्या बाजूचाही बदलला. लायनर अर्धे आहेत, ऑइलने भिजलेले नाहीत, कडेची चकाकी पॉलिश पेपरने घासून तेच ठेवले.

परत ब्रेकची हवा काढली तरी पेडल खोल जात होतं. परत काढली, बुडबुडा एकही नाही, पेडल तसंच. इथे ऑइलच्या बाटल्या वाया गेल्या. हवा नव्हतीच. काम करताना मागच्या लायनरचा अॅडजस्टर मागे फिरवला होता, त्यामुळे लायनर ड्रमपासून लांब आणि ते अंतर भरण्यातच पेडल संपत होतं. अॅडजस्टर फिरवून ड्रम हाताने वळवताना जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतका आणला, पेडल वर आलं. ओळखायचं कसं: पेडल दोनदा पटपट मारल्यावर वर येऊन कडक होत असेल तर बहुतेक अॅडजस्टमेंट, मारत राहूनही गुबगुबीत लागत असेल तर हवा.

१९ ऑक्टोबर

कूलंट काढलं, तांबूस. कोणीतरी वेळोवेळी साधं पाणी भरत गेलंय. डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन गरम करून, थंड करून, काढून टाकायचं, हेच स्वच्छ येईपर्यंत. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असू शकतं, झाकण सैल केलं की उसळतं. कूलंटच्या रंगावरून प्रकार ठरवू नका, एकच रंग वेगवेगळ्या प्रकारांना असतो, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा. आणि बाटली तयार मिश्रणाची आहे की घट्ट आहे ते वाचा. माझी घट्ट होती, म्हणून डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. सांडलेलं लगेच पुसलं, इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे.

भरून चालू केली तर काटा वर चढतोय आणि हीटरमधून गार हवा. म्हणजे आत हवा अडकली. बंद करून पूर्ण थंड होऊ दिली, नाक वर होईल अशी चढावर लावली, हीटर पूर्ण गरमवर, थंड इंजिनवर झाकण उघडून वरचा होज हाताने दाबत राहिलो, बुडबुडे येत गेले तशी पातळी खाली गेली आणि बरंच आणखी मावलं.

स्पार्क प्लग थंड इंजिनवरच काढले, आधी भोकातली धूळ हवेने उडवून. काळी काजळी, परत तेच, अर्धवट तापलेलं इंजिन. एका कॉइलच्या कनेक्टरची प्लास्टिकची क्लिप वयाने ठिसूळ झालेली, हातातच तुटली, तिथे झिप टाय बांधलाय. प्लग हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचे, मगच टॉर्क रेंच.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं. फिल्टर कुरतडलेला. वायरिंग वाचलीय. केबिन फिल्टरही बदलला, त्यावरचा बाण हवेच्या दिशेने.

२५ ऑक्टोबर

सकाळी नवी बॅटरी १२.१. आठवडाभरात नवीन बॅटरी उतरते म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. हे नवी बॅटरी घ्यायच्या आधी मोजायला हवं होतं, जुनी कदाचित यानेच मेली.

मल्टीमीटर अँपिअरवर लावून काळ्या वायरमध्ये घातला, सगळे दरवाजे बंद, बोनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबलं म्हणजे गाडीला वाटतं बंद आहे. लगेच वाचलेला आकडा खोटा, गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. त्यानंतरही १८० मिलिअँपिअर. साधारण ५० च्या आत असायला हवा. १८० म्हणजे दिवसाला ४.३ अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी आठ दिवसांत रिकामी, आणि सेल्फ मारायची ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते.

एकेक फ्यूज काढत गेलो. फ्यूज काढून परत लावला की युनिट पुन्हा जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास, त्यामुळे नंतर फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजले. जिथे करंट वाहतोय तिथेच आकडा येतो. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज निघाला. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची पिवळी आणि लाल वायर उलट जोडलेली. पिवळी कायम सप्लायला असते मेमरीसाठी, लाल चावीनंतर यायला हवी. अदलाबदल केली, टेप काढून नीट कनेक्टर लावले. आता २५ मिलिअँपिअर.

काका म्हणाले, "म्हणजे दर वर्षी बॅटरी या गाण्यांमुळे जात होती?" बहुतेक हो.

८ नोव्हेंबर

नवे टायर बसले, अलाइनमेंट करून घेतली, पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर साधारण ५० वरून १५ पर्यंत हलके ब्रेक परत परत, मध्ये थंड होऊ देत. एक लांब चक्कर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, एक थोडा सैल होता. दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे, म्हणजे डावा कॅलिपर आता सरकतोय. ऑइलच्या झाकणाखालचा थर गेला.

हवा थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. काका पूर्वी दर रविवारी पाच मिनिटं जागेवरच चालू करून बंद करायचे, ते बंद केलंय. त्याने सेल्फला गेलेला करंटही नीट परत भरत नाही आणि ऑइलमध्ये पाणी वाढतं. आता आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर, काटा मधोमध येऊन काही वेळ राहील इतकं.

बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारखा लिहिल्यात: ऑइल एप्रिल २०२६, ब्रेक ऑइल ऑक्टोबर २०२७, कूलंट मॅन्युअलच्या वर्षांप्रमाणे. किमीचा रकाना रिकामाच ठेवलाय, या गाडीला तो लागणार नाही.

राहिलेलं: डाव्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशला (सांध्यातल्या रबराला) भेगा आहेत, अजून खेळ नाही. तो बदलला की अलाइनमेंट परत करावी लागेल, म्हणजे आत्ता केलेली वाया. आधी हे बघून मग अलाइनमेंटला जा.